उजनीचे पाणी आणि एक युनिट वीज

'धरणाचे उपयोग कोणते?' या प्रश्नाचे उत्तर आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते : सिंचन, पिण्याचे पाणी, वीज. तीनही उपयोग एकाच ओळीत लिहिले जातात, म्हणून ते सारख्याच सहजतेने एकत्र नांदतात असा समज होतो. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, म्हणजे करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत तालुक्यांतल्या गावांमध्ये, हा समज टिकत नाही. कंदर किंवा केत्तूरच्या एखाद्या चौकस मुलाला साधा प्रश्न पडू शकतो : दारात एवढे अथांग पाणी असताना आमच्या शेतीपंपाला विजेची वाट का पाहावी लागते? पाण्यापासून वीज होते ना?

हा प्रश्न वरवर भाबडा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधायला निघालो, की आपण आठवी-नववीच्या पुस्तकातील स्थितिज ऊर्जेपासून सुरुवात करून नद्यांच्या पाणीवाटपापर्यंत आणि कर्बवायू कमी करण्याच्या जगभरच्या प्रयत्नांपर्यंत पोचतो. या लेखात आम्ही हाच प्रवास करणार आहोत. सोबत थोडे अंकगणित आहे, तेही तोंडी करता येण्याजोगे.

पाणी गुणिले उंची

पाण्यात वीज नसते. उंचावरच्या पाण्यात स्थितिज ऊर्जा असते. पाणी खाली येताना ती ऊर्जा टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्राला फिरवते आणि वीज तयार होते. ही ऊर्जा किती, हे दोनच गोष्टी ठरवतात : पाण्याचे वजन आणि ते किती उंचीवरून पडते ती उंची. एक हजार लिटर पाणी एक मीटर खाली आले, तर सुमारे ९,८०० ज्यूल ऊर्जा मिळते. आपण ज्याला एक युनिट म्हणतो ती ऊर्जा ३६ लाख ज्यूल असते. भागाकार केला तर दिसते, की जराही ऊर्जा वाया गेली नाही असे धरले तरी एक युनिट विजेसाठी हजार लिटर पाणी सुमारे ३६७ मीटर खाली पडावे लागते.

शाळेच्या गच्चीवर, जमिनीपासून दहा मीटरवर, हजार लिटरची टाकी आहे असे समजा. ती पूर्ण रिकामी करून जी वीज मिळेल, तिच्यावर नऊ वॅटचा एक एलईडी दिवा जेमतेम तीन तास चालेल. विजेच्या दृष्टीने पाणी ही फार 'हलकी' वस्तू आहे. तिच्यातून भरपूर वीज हवी असेल, तर एक तर पाणी अफाट हवे किंवा उंची प्रचंड हवी.

उजनी : पाणी उदंड, उंची बेताची

उजनीचे भूमिपूजन १९६६ साली झाले आणि धरण १९८० साली पूर्ण झाले. जलाशयाला 'यशवंतसागर' असे नाव आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३१ कोटी लिटर. या ११७ टीएमसीपैकी ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.६६ टीएमसी मृत साठा मानला जातो.

आता पातळ्यांकडे पाहू. धरण पूर्ण भरले की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते, आणि उपयुक्त साठा संपतो ती पातळी ४९१.०३ मीटर. दोहोंतला फरक फक्त ५.८ मीटर, म्हणजे दुमजली घराच्या उंचीएवढा. साडेत्रेपन्न टीएमसी पाणी एवढ्या पातळ थरात मावते, कारण तळे अतिशय पसरट आहे. साठ्याला थराच्या जाडीने भागले, तर सरासरी क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर निघते. उजनी उथळ परातीसारखी आहे, घागरीसारखी नाही. याच उथळ काठांवर भिगवण-कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात, आणि पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते.

वृत्तपत्रांत 'उजनी वजा साठ टक्के' असा मजकूर येतो, त्याचा अर्थही इथे सांगून टाकू. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात आणि मृत साठ्याच्या पातळीला शून्य मानतात. २०२४ च्या उन्हाळ्याअखेर धरण वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेले, म्हणजे ५३.५७ चे साठ टक्के, सुमारे ३२ टीएमसी, मृत साठ्यातून उचलले गेले होते. तरीही खाली ३१ टीएमसीच्या आसपास पाणी होते. 'वजा' म्हणजे कोरडे नव्हे. पण अशा वेळी विजेसाठी पाणी सोडण्याचा विषयही कोणी काढत नाही.

धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅट क्षमतेचा एक संच आहे. त्यातून नदीत साधारण १,६०० क्युसेक पाणी सोडले जाते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ४५ हजार लिटर. बारा मेगावॅट वीज आणि एवढे पाणी, यांवरून उलट गणित केले तर पाणी पडण्याची उंची तीस मीटरच्या आसपास येते. धरणाची उंची तर ५६ मीटर सांगतात, मग हा फरक कसा? धरणाची उंची पायाच्या सर्वांत खोल भागापासून माथ्यापर्यंत मोजतात. विजेला उपयोगी पडते ती जलाशयाची पातळी आणि वीजगृहाखालच्या नदीची पातळी यांतील तफावत.

तीस मीटर उंची आणि संचाची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर एका युनिटसाठी सुमारे १४ हजार लिटर पाणी लागते आणि एका टीएमसीतून सुमारे २० लाख युनिट मिळतात. आकडा मोठा वाटतो. पण धरणाचा सगळा उपयुक्त साठा एकदा या उंचीवरून सोडला असे धरले, तरी १०-११ कोटी युनिटच होतील. सोलापूरजवळच्या फताटेवाडी परिसरातील १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर एवढी वीज साडेतीन दिवसांत तयार करते. शिवाय कालव्यांत जाणारे पाणी या संचातून जातच नाही. नदीत सोडायचेच असलेले पाणी जाता जाता जी वीज देते, तेवढीच उजनीची वीज.

चढवणे आणि उतरवणे

फुगवट्याकाठच्या शेतकऱ्याचे काम नेमके उलटे असते. तो पाणी खालून वर नेतो. शेत जलाशयापासून तीस मीटर उंच आहे आणि मोटार-पंपाची एकत्रित कार्यक्षमता साठ टक्के आहे असे समजू. एक टीएमसी पाणी चढवायला सुमारे ३८ लाख युनिट लागतील. तेच पाणी तेवढ्याच उंचीवरून उतरवले तर मिळतात २० लाख. चढवताना नुकसान, उतरवतानाही नुकसान. निसर्गाचा हा व्यवहार कधीच बरोबरीचा होत नाही.

आणखी एक हिशेब. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. उजनीचा संच पूर्ण क्षमतेने चालला, तर तो एका वेळी सुमारे ३,२०० अशा मोटारी चालवू शकेल. पाच तालुक्यांच्या काठांवर किती मोटारी असतील याचा अंदाज वाचकांनीच बांधावा. सुरुवातीच्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे : उजनी हे वीज देणारे धरण कमी आणि वीज मागणारे धरण जास्त आहे.

भीमेची वीज कुठे होते?

पण भीमा खोऱ्याच्या पाण्यापासून भरपूर वीज होते. ती उजनीला होत नाही, दीड-दोनशे किलोमीटर पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावर होते. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी आणि मुळशी ही टाटांची धरणे इंद्रायणी आणि मुळा यांच्या खोऱ्यांत आहेत. या नद्या पूर्वेला वाहत भीमेला मिळतात. ही धरणे त्यांचे पाणी अडवतात आणि बोगद्यांतून व नळांतून पश्चिमेला, कोकणात सोडतात. खोपोलीचे केंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच योजनेशी संबंधित होता. पुढे १९६२ पासून कोयनेचे पाणीही याच तत्त्वावर पश्चिमेला वळवण्यात आले.

हे का केले, ते आता सहज कळेल. कड्यावरून पाणी सुमारे ५०० मीटर पडते. उंची सोळा-सतरापट, म्हणून तेवढ्याच पाण्यातून वीजही सोळा-सतरापट. एका टीएमसीतून सुमारे ३.४ कोटी युनिट. मुंबईच्या गिरण्या आणि पुढे लोकलगाड्या याच विजेवर चालल्या.

पण यात एक मेख आहे. उजनीच्या संचातून गेलेले पाणी पुढे पंढरपूरला, सोलापूरला पोचते. वीज तयार झाली म्हणून पाणी कमी होत नाही. कड्यावरून कोकणात गेलेले पाणी मात्र भीमेला परत मिळत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने (न्या. बच्छावत, निवाडा १९७६ साली राजपत्रात) या धरणांतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली : एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे सरासरी सुमारे ४२ टीएमसी. उजनीच्या उपयुक्त साठ्याच्या तो जवळजवळ ऐंशी टक्के होतो. दुष्काळाच्या वर्षी 'टाटांच्या धरणांतले पाणी भीमेत सोडा' ही मागणी सोलापूर जिल्ह्यातून पुन्हा पुन्हा का होते, ते या दोन आकड्यांवरून ध्यानात येईल.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खाली पडलेले पाणी कोकणात वाया जात नाही. पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या नद्यांना त्याचा आधार आहे. त्यांच्या काठची शहरे, कारखाने आणि शेती शंभर वर्षांत त्या पाण्याभोवती वाढली आहेत. पाण्याला एकदा वाट करून दिली, की त्या वाटेवर माणसे वसतात. मग ती वाट बदलणे हे केवळ अभियंत्याचे काम राहत नाही.

एका युनिटमागे किती पाणी, किती धूर?

आता सगळे पर्याय एका रांगेत मांडून पाहू. पाण्याचे आकडे आम्ही वर केलेल्या हिशेबातले आहेत. कर्बवायूचे आकडे हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालातील मध्यम अंदाज आहेत. त्यांत बांधकामापासून सर्व टप्पे धरलेले आहेत.

उजनीचा संच : सुमारे १४ हजार लिटर, पाणी नदीतच राहते. जलविद्युतीचा कर्बवायू सरासरी २४ ग्रॅम.

कड्यावरची केंद्रे : सुमारे ८३० लिटर, पाणी खोऱ्याबाहेर जाते. कर्बवायू तेवढाच धरू.

कोळशाचे केंद्र : साधारण तीन लिटर, बहुतेक पाणी वाफ होऊन उडून जाते. कर्बवायू सुमारे ८२० ग्रॅम.

मोठी सौर केंद्रे : तावदाने धुण्यापुरते पाणी. कर्बवायू सुमारे ४८ ग्रॅम.

पवनचक्क्या : पाणी जवळजवळ नाही. कर्बवायू सुमारे ११ ग्रॅम.

सोलापूरचे औष्णिक केंद्रही उजनीचेच पाणी पिते. पाण्याच्या हिशेबात कोळसा जलविद्युतीपेक्षा काटकसरी दिसतो, धुराच्या हिशेबात मात्र सर्वांत उधळा. एकच मोजपट्टी लावली तर एकच उत्तर येते. दोन लावल्या की विचार करावा लागतो.

जलविद्युतीचे २४ ग्रॅम हे मध्यम मूल्य आहे हेही विसरू नये. बुडालेल्या वनस्पती आणि वाहून आलेले सेंद्रिय द्रव्य तळाशी ऑक्सिजनशिवाय कुजले, की मिथेन वायू तयार होतो. पाणी उष्ण, उथळ आणि सांडपाण्याने भरलेले असेल, तर ही क्रिया वाढते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीमार्गे उजनीत उतरते. तेव्हा वरच्या शहरांतले सांडपाणी नीट शुद्ध करणे हा फुगवट्याकाठच्या लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहेच, तो हवामानाचाही आहे.

पाण्यावर विसंबलेले देश

जगात काही देशांची जवळजवळ सगळी वीज पाण्यापासून होते. नॉर्वेत हे प्रमाण नऊ दशांशाच्या आसपास आहे. उंच पठारांवरची तळी, पाऊस आणि बर्फ दोन्ही, आणि त्या मानाने लोकसंख्या थोडी, हे त्याचे भाग्य. पण असे विसंबणे धोक्याचेही ठरते. ब्राझीलमध्ये २००१ साली पाऊस ओढला, धरणे रिकामी झाली आणि घरोघरी वीजवापर पाचव्या हिश्श्याने कमी करण्याची सक्ती आली. झांबियाची बहुतांश वीज पाण्यावर होते. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण खाली गेले आणि लोकांना रोजचे अनेक तास अंधारात काढावे लागले.

भारतातही १९६० च्या दशकात विद्युतक्षमतेचा निम्म्याच्या आसपास वाटा जलविद्युतीचा होता. आज तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे आणि तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज कोळशाची आहे. धरणे कमी झाली नाहीत, मागणी वाढली. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने पिणे, पिकवणे आणि वीज करणे हे सगळे उजनीसारख्या धरणांकडून निभणारे नाही. मग कोळशाची जागा कोण घेणार?

वीज करणारे पाणी, वीज साठवणारे पाणी

एक तुलना पाहू. उजनीचा संच वर्षभर अखंड चालला, तर जास्तीत जास्त साडेदहा कोटी युनिट देईल. सोलापूरच्या उन्हात एक मेगावॅटची सौर तावदाने वर्षाला सुमारे १५ लाख युनिट देतात. म्हणजे ७० मेगावॅटची तावदाने पुरेत. ती पाण्यावर तरंगती बसवली आणि मेगावॅटला सव्वा हेक्टर जागा धरली, तर एक चौरस किलोमीटरही लागत नाही. २६० चौरस किलोमीटरच्या तळ्यातला हा एक कोपरा. तावदानांच्या सावलीने बाष्पीभवन थांबेल असेही सांगितले जाते. ते खरे आहे, पण तेवढ्या सावलीपुरतेच. या कोरड्या प्रदेशात उघड्या पाण्याचा दीड मीटरहून जाड थर वर्षभरात उडून जातो. आमच्या ढोबळ गणिताने उजनीवर तो तेरा-चौदा टीएमसी होतो, आणि एका चौरस किलोमीटरच्या सावलीने त्यातील अर्ध्या टक्क्याहूनही कमीच वाचेल. शिवाय तळ्यावर मासेमारी करून जगणारी कुटुंबे आहेत, पक्षी आहेत. एकदा धरणासाठी उठलेल्या माणसांना पुन्हा पाण्यावरूनही उठवायचे का, हा प्रश्न तावदाने बसवण्याआधी विचारला पाहिजे.

सौर विजेची खरी अडचण मात्र जागेची नाही, वेळेची आहे. सूर्य मावळतो आणि घराघरांतले दिवे लागतात. शेतीपंपापुरती ही अडचण नाहीशी होऊ शकते, कारण पिकाला पाणी दुपारी दिले काय किंवा रात्री दिले काय, विजेच्या दृष्टीने फरक नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र फार मोठा फरक आहे : रात्री काठावर जाऊन मोटार चालू करण्यात साप-विंचवाचे भय असते. शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर नेऊन दिवसा पुरवठा करण्याची राज्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, तो याच विचाराने. अट एकच : स्वस्त वीज आली म्हणून उपसा वाढला, तर तळे लवकर वजा होईल.

उरलेल्या विजेचे काय? इथे पाणी पुन्हा कामाला येते, पण वेगळ्या भूमिकेत. दुपारी जास्तीच्या सौर विजेने पाणी खालच्या तळ्यातून वरच्या तळ्यात चढवायचे आणि संध्याकाळी उतरवायचे. चार युनिट खर्चून सुमारे तीन परत मिळतात. तोटा आहे, पण नको त्या वेळची वीज हव्या त्या वेळी मिळते. याला उदंचन जलविद्युत म्हणतात. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॅटचे असे केंद्र २००८ पासून आहे. २०२३ मध्ये राज्य शासन आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवता (१,८०० मेगावॅट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॅट) येथील उदंचन प्रकल्पांसाठी करार झाला.

आमच्या मते भीमाकाठच्या वाचकाने नेमकी हीच गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. जुन्या पद्धतीत प्रत्येक युनिटमागे ८३० लिटर पाणी खोरे सोडून जाते. उदंचनात तेच पाणी रोज वर-खाली होते. पहिली भरती आणि बाष्पीभवन सोडले, तर पाणी खर्च होत नाही. कड्याची ५०० मीटर उंची तीच, पण ती वापरण्यासाठी भीमेचे पाणी कोकणाला द्यावेच लागते असे नाही. वर्षाला ४२ टीएमसीमागे होणारी सुमारे १४४ कोटी युनिट वीज साडेनऊशे ते हजार मेगावॅट सौर तावदाने देऊ शकतात. देशाची एकूण सौरक्षमता २०२५ च्या आरंभी एक लाख मेगावॅट झाली, त्या मानाने हा आकडा लहान आहे. तेव्हा भौतिकशास्त्राच्या बाजूने आज 'वीज की पाणी' ही सक्ती उरलेली नाही. उरतो तो वाटपाचा प्रश्न : सोडवलेले पाणी कोणी, किती, केव्हा घ्यायचे, कोकणातल्या अवलंबून असलेल्या गावांचे काय, आणि सह्याद्रीच्या जंगलात नवे बोगदे आणि तळी खणण्याची किंमत कोणी मोजायची. हे प्रश्न सूत्रांनी सुटत नाहीत. पण सूत्रे माहीत असलेल्या नागरिकांत त्यांची चर्चा अधिक समंजस होते.

वर्गात करण्यासारखे

१. आपल्या गावातील किंवा घरातील पाण्याच्या टाकीची उंची आणि क्षमता मोजा. ती रिकामी करून किती युनिट वीज मिळेल? तीच टाकी भरायला मोटार किती मिनिटे चालते आणि किती युनिट खाते? दोन आकड्यांतला फरक कुठे गेला?

२. महिनाभर वृत्तपत्रातून उजनीची पातळी आणि टक्केवारी उतरवून आलेख काढा. एका मीटरच्या थरात सुमारे नऊ टीएमसी पाणी असते असे धरून दर आठवड्याची घट टीएमसीमध्ये मांडा. तळे परातीसारखे असल्यामुळे खालच्या पातळीला हा आकडा कमी का होतो, ते चर्चेतून शोधा.

३. वर्गाचे तीन गट करा : फुगवट्याकाठचे शेतकरी, सोलापूरचे नागरिक आणि पाताळगंगेकाठचे रहिवासी. एका टीएमसी पाण्यावर तिघांनी आपापला हक्क सांगावा. अट अशी, की प्रत्येक गटाने दुसऱ्या गटाचा किमान एक आकडा खरा म्हणून मान्य केला पाहिजे.